शिरा फुगतात पोटरीवर, गळती असते जांघेत

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारे हमाल, तासगावच्या बागेत छाटणीला दिवसभर उभ्या असणाऱ्या बायका, विट्याच्या यंत्रमागापुढे पाळी काढणारे कामगार, एसटीचे वाहक, शाळामास्तर, सलूनवाले. उभ्याने पोट भरणाऱ्या या माणसांच्या पायांकडे एकदा नीट बघावे. कितीतरी जणांच्या पोटरीवर हिरव्या-निळ्या शिरा गाठीगाठीने वर आलेल्या दिसतील. संध्याकाळी पाय जड होतो, घोट्याला सूज येते, रात्री गोळे येतात. दुखणे अंगावर काढायची आपल्याकडे सवय, त्यामुळे वर्षे निघून जातात. मग घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडते, खाजायला लागते, आणि एक दिवस तिथे खरचटल्याचे निमित्त होऊन जखम होते. ती भरत नाही.

डॉक्टर याला ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात. नुसत्या उभे राहण्याने हा आजार होतो असे नाही. आईवडिलांकडून तो येतो, बाळंतपणात वाढतो, वयाबरोबर आणि वजनाबरोबर बळावतो. उभ्याचे काम त्यात भर घालते. मिरजेला किंवा कराडला दाखवायला निघालेल्या माणसाचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा एकच असतो: ‘लेसर करायचं, का ऑपरेशन?’ अलीकडे ‘आत गोंद घालतात म्हणे’ हेही कोणीतरी कानावर घातलेले असते. या पद्धती एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या वाटतात. माझ्या मते गाठींच्या वर असलेली रक्ताची गळती बंद करायची, या एकाच विचारातून त्या निघाल्या आहेत, आणि त्या विचारापर्यंत पोचायला वैद्यकाला दोन हजारांहून जास्त वर्षे लागली. तो विचार कळला की कोणता पर्याय आपल्यासाठी, हे डॉक्टरांशी बोलणे पुष्कळ सोपे होते.

विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की काय होते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पाणी वर चढते आणि मोटार थांबली की पाइपातून परत खाली येते. पायाच्या शिरांत अशाच झडपा असतात. हृदयाकडे निघालेले रक्त पोटरीच्या स्नायूंच्या दाबाने वर ढकलले जाते, झडपा त्याला मागे फिरू देत नाहीत. माणूस स्तब्ध उभा असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटरपर्यंत असतो. झडपा शाबूत असतील तर चालायला लागल्यावर तो 30 च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही हा दाब पुरेसा उतरत नाही. रोजचा, वर्षानुवर्षांचा हा दाब शिरा फुगवतो, कातडी काळी करतो आणि शेवटी तिला फोडतो. नेहमी सापडणारी गळती जांघेत असते. पायाच्या आतल्या बाजूने घोट्यापासून वर जाणारी लांब शीर तिथे आतल्या मोठ्या शिरेला मिळते. म्हणजे गाठी दिसतात गुडघ्याखाली आणि दुखण्याचे मूळ वीतभर नव्हे, हातभर वर असते.

जुन्या वैद्यांना गाठी दिसत होत्या, मूळ दिसत नव्हते. इ.स.पू. 1550 च्या सुमारास लिहिलेल्या इजिप्तच्या एबर्स पपायरस या वैद्यकीय हस्तलिखितात पायावरच्या नागमोडी फुगवट्यांना शस्त्र लावू नये, असा इशारा आहे. रक्त थांबत नसावे, हे उघड आहे. सुश्रुताने सिराग्रंथीचे, म्हणजे शिरांच्या गाठीचे, वर्णन केले आहे आणि अतिश्रमाशी तिचा संबंध जोडला आहे. इतके श्रम दुबळ्या शरीराने केले की वायू शिरा आक्रसून गाठ करतो, ही त्याची मांडणी. शिरावेध, म्हणजे शीर टोचून रक्त काढणे, आणि जळवा लावणे हे उपाय त्याच परंपरेतले, आणि आपल्या भागात जळवा लावून घेणारे आजही आहेत. त्याने तेवढ्यापुरता पाय हलका वाटू शकतो, पण बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. रोममध्ये सेल्ससने इसवी सनाच्या पहिल्या शतकात कातडी चिरून शीर डागण्याची किंवा आकड्याने ओढून कापून काढण्याची रीत लिहून ठेवली. भूल नव्हतीच. मारिअस हा रोमचा सेनापती खंबीर म्हणून प्रसिद्ध. त्याने बांधून घ्यायला नकार दिला आणि हूं की चूं न करता एका पायाची शस्त्रक्रिया करून घेतली. दुसरा पाय पुढे करायची वेळ आली तेव्हा मात्र तो नको म्हणाला. एवढ्या वेदनेच्या मानाने गुण काही येत नाही, असे त्याचे म्हणणे प्लुटार्कने नोंदवले आहे.

झडपांचा शोध लागला इटलीतल्या पादुआत. फाब्रिसिअसने त्यांची चित्रे 1603 साली छापली, पण त्या रक्ताचा वेग कमी करायला असतात असे त्याला वाटत होते. त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने 1628 मध्ये खरा अर्थ सांगितला: त्या रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात. त्याचा प्रयोग घरी करून बघता येतो. दंडाला पट्टी बांधावी, हातावर शीर टचटचीत उठली की एका बोटाने ती मनगटाच्या बाजूला दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने रक्त वरच्या दिशेला पुसून न्यावे. तेवढा तुकडा रिकामा राहतो. वरून रक्त खाली उतरत नाही. खालचे बोट उचलले की क्षणात भरतो. शेतात राबणाऱ्या माणसाच्या हातावर हे फार छान दिसते.

तरीही या ज्ञानाचा पायांना उपयोग व्हायला आणखी अडीचशे वर्षे गेली. 1846 मध्ये ईथरची भूल आली, 1867 मध्ये लिस्टरने जंतुनाशकाची पद्धत मांडली, तेव्हा कुठे सर्जनला निवांत हात चालवता येऊ लागला. आणि मग जर्मनीत फ्रिडरिख ट्रेंडेलेनबर्गने कळीचे पाऊल टाकले. रुग्णाला आडवे करायचे, पाय वर उचलून शिरा रिकाम्या करायच्या, मांडीत वरची शीर दाबून धरायची आणि माणसाला उभे करायचे. दाब सोडताच रक्त धबाधबा वरून खाली भरले, की गळती वर आहे हे सिद्ध झाले. ही तपासणी आजही वैद्यकीय विद्यार्थ्याला परीक्षेत करून दाखवावी लागते. 1890-91 च्या सुमारास त्याने यावर उपायही प्रसिद्ध केला: गाठींना हात न लावता मांडीत वरच शीर बांधून टाकायची. पुढे ही गाठ आणखी वर, थेट जांघेतल्या जोडापाशी मारली जाऊ लागली, कारण खाली बांधली तर मधल्या फांद्यांतून रक्त वाट काढते.

याच दशकात, 1894 साली, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशनचे रुग्णालय सुरू केले. रेल्वेच्या जंक्शनमुळे कर्नाटकातून, कोकणातून, साताऱ्याकडून रुग्ण येऊ लागले आणि मिरज हे डॉक्टरांचे गाव झाले. 1962 मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. शीर काढून घ्यायला मिरजेला जायचे, ही या मुलखाची वहिवाट अशी जुनी आहे.

नुसती बांधलेली शीर पुष्कळदा पुन्हा त्रास देई, म्हणून ती काढूनच टाकायची कल्पना अमेरिकेत पुढे आली. केलर (1905), मेयो (1906) आणि बॅबकॉक (1907) या तिघांनी लागोपाठ तीन तऱ्हा सुचवल्या. टिकली ती बॅबकॉकची: जांघेत छोटी चीर, शिरेतून लवचीक तार खाली सरकवायची, तिच्या टोकाच्या बोंडावर शीर बांधायची आणि सबंध ओढून काढायची. ‘स्ट्रिपिंग’ म्हणतात ते हेच. जवळजवळ शतकभर व्हेरिकोज व्हेन्सचे ऑपरेशन म्हणजे हेच होते. कमरेत इंजेक्शन देऊन भूल, मांडीभर काळेनिळे डाग, काही दिवस ठणका. पूर्वी शीर घोट्यापर्यंत ओढत. गुडघ्याखाली तिला चिकटून संवेदनेची नस जाते, ती दुखावून पाय बधिर राहतो हे लक्षात आल्यावर गुडघ्याच्या आसपास थांबायची पद्धत रूढ झाली. उरलेल्या गाठी बारीक टोच्यांतून आकडीने उचलून काढायची नजाकत रॉबर्ट म्युलर या स्विस त्वचारोगतज्ज्ञाने 1950 च्या दशकात आणली. टाके घालावे लागत नाहीत इतकी छिद्रे लहान. आजही लेसरच्या जोडीला हे करतातच.

माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल शस्त्राचा नाही, तपासणीचा आहे. 1980 च्या दशकात कलर डॉप्लर सोनोग्राफी आली आणि बोटांनी अंदाजायची गळती डोळ्यांना दिसू लागली. ही तपासणी उभ्याने करायची असते. रुग्ण स्टुलावर उभा राहतो, भार दुसऱ्या पायावर टाकतो. डॉक्टर मांडीवर जेल लावून प्रोब धरतात आणि दुसऱ्या हाताने पोटरी आवळतात. पडद्यावर शिरेत एक रंग झळकतो: रक्त वर चालले. पोटरी सोडतात. शीर चांगली असेल तर रंग विझतो. बिघडलेली असेल तर लगेच उलटा रंग उमटतो आणि रेंगाळतो. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त रेंगाळला तर गळती धरतात. कोणती झडप, कोणती फांदी, आतली मोठी शीर मोकळी आहे ना, सगळ्याचा नकाशा काढला जातो. बऱ्याचदा शस्त्रक्रियेआधी पायावर मार्करने रेघा मारतात त्या याच नकाशाच्या. गर्दीत, झोपवून, दोन मिनिटांत उरकलेल्या डॉप्लरवर पुढचे महागडे उपचार ठरू नयेत, असे मला मनापासून वाटते. शिरा काढूनही वर्षा-दोन वर्षांत पुन्हा फुगतात, त्यामागे अर्धवट सापडलेली गळती हे एक मोठे कारण असते.

सोनोग्राफी हाताशी आल्यावर शीर ओढून काढण्याची गरजच उरली नाही. ती आतून बंद करता येऊ लागली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर बंद करण्याची पद्धत, आली, त्याच सुमारास स्पेनमध्ये कार्लोस बोने यांनी लेसरचा मार्ग दाखवला आणि 2002 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने लेसरला मान्यता दिली. दोन्हींत गुडघ्याजवळ सुई घालून शिरेत बारीक नळी (कॅथेटर) किंवा तंतू (फायबर) वर सरकवतात, जांघेतल्या जोडाच्या सुमारे दोन सेंटिमीटर अलीकडे थांबवतात आणि उष्णता देत मागे ओढतात. आता रूढ असलेल्या रेडिओफ्रिक्वेन्सी कॅथेटरमध्ये एका वेळी सात सेंटिमीटरचा भाग वीस सेकंद 120 अंशांवर तापवला जातो. लेसरमध्ये हल्ली 1470 नॅनोमीटरचा किरण चारी बाजूंना फेकणारा फायबर वापरतात, त्याने जुन्या लेसरपेक्षा दुखणे आणि डाग कमी. शिरेची भिंत आतून भाजून ती आकसते आणि काही महिन्यांत शरीर तिला जिरवून टाकते.

यातला एक भाग लोकांना माहीत नसतो. शिरेभोवती सर्व लांबीभर पातळ केलेले भुलीचे पाणी टोचतात. या प्रकारची भूल जेफ्री क्लाइन यांनी 1987 मध्ये चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मांडली होती. पायाच्या शिरांना ती वरदान ठरली. दुखणे थांबते, शीर चेपून फायबरला घट्ट बसते, आणि उष्णता कातडीपर्यंत व नसेपर्यंत पोचत नाही. म्हणूनच पूर्ण भूल न देता काम होते आणि रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो.

इंजेक्शनची वाट याहून जुनी. शिरेत औषध घालून ती आतून चिकटवायची हा प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून चालू होता. तिला खरा जोर आला तो औषधाचा फेस करून घालायला लागल्यावर. इटलीच्या तेस्सारी यांची 2000 च्या सुमाराची युक्ती सोपी आहे: दोन सिरिंज, मध्ये तीन तोंडांची तोटी, एक भाग औषध, चार भाग हवा, आणि दोन्हींमध्ये ढकलाढकल करून दाट फेस. खर्च कमी, भूल नको, पण पुन्हा करावे लागण्याची शक्यता जास्त. गोंदाला, म्हणजे सायनोॲक्रिलेटला, अमेरिकेत 2015 मध्ये मान्यता मिळाली. त्यात भुलीचे पाणीही टोचावे लागत नाही. मात्र तो महाग आहे आणि काहींना त्याची ॲलर्जी उठते.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2013 मध्ये क्रम घालून दिला: आधी लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी, ते बसत नसेल तर फेस, तेही नाही तर शस्त्रक्रिया. पुढे तिथल्याच एका मोठ्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. लेसर आणि जुनी शस्त्रक्रिया या दोन्ही गटांतल्या लोकांचे जगणे फेसाच्या गटापेक्षा बरे राहिले. हे आपल्या भागासाठी महत्त्वाचे आहे. सरकारी रुग्णालयात नीट केलेले स्ट्रिपिंग म्हणजे गरिबाचा दुय्यम उपचार, अशी जी समजूत पसरते आहे ती चुकीची आहे. त्यात काही दिवस जास्त विश्रांती लागते, ठणका जास्त होतो. पण गळती बंद होते. सरकारी आरोग्य योजनेत काय बसते हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्यावे.

सगळ्यांत जास्त जीव तुटतो तो घोट्याच्या जखमा बघून. कळकट पट्टी, तीवर हळद नाहीतर मलम, आणि ‘साखर नाही, तरी भरत नाही’ ही तक्रार. पट्टीचा घट्ट दाब हा या जखमेचा जुना आणि खरा उपचार आहे, पण जतच्या, आटपाडीच्या उन्हाळ्यात दाबाचे मोजे दिवसभर पायात ठेवणे किती जणांना जमणार? 2018 मध्ये ब्रिटनमध्ये 450 रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींची शीर जखम असतानाच लगेच बंद केली, बाकीच्यांना आधी फक्त पट्ट्या बांधल्या. लगेच उपचार झालेल्यांची जखम साधारण 56 दिवसांत भरली, दुसऱ्या गटाला 82 दिवस लागले. ‘आधी जखम भरू दे, मग ऑपरेशनचं बघू’ हा सल्ला त्यामुळे मागे पडला आहे.

आतली मोठी शीर गुठळीने बंद झालेली असेल तर वरच्या शिरा हीच रक्ताची उरलेली वाट असू शकते. तेव्हा त्यांना हात लावण्याआधी फार विचार करावा लागतो. गरोदरपणातल्या शिरा बाळंतपणानंतर पुष्कळ ओसरतात, म्हणून तेव्हा घाई करत नाहीत. आणि घोट्याजवळची पातळ झालेली शीर कधी अचानक फुटली, तर रक्ताची चिळकांडी बघून माणसे घाबरतात आणि मांडीला दोरी आवळतात. तसे करू नये. रुग्णाला लगेच आडवे करावे, पाय छातीच्या वर उचलावा, फुटल्या जागी स्वच्छ कापड दाबून धरावे आणि दाब न सोडता दवाखाना गाठावा.