बी-मूव्ही: खुनाच्या वाड्यापासून ड्रॅगस्ट्रिपपर्यंत

बी-मूव्ही म्हटलं की डोळ्यांपुढे हलणारी पुठ्ठ्याची भिंत आणि रबरी राक्षस येतो. पण ‘बी’ हे अक्षर मुळात दर्जाचं नव्हतंच. ते हिशेबाच्या वहीतलं होतं.

१९२९च्या मंदीनंतर अमेरिकेतली थिएटरं ओस पडू लागली, तेव्हा मालकांनी नाना युक्त्या केल्या. तिकिटावर कपबशा वाटल्या, आणि एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायला लागले. बड्या नटांच्या चित्रपटाचा गल्ला टक्केवारीने वाटला जाई. जोडीच्या, म्हणजे ‘बी’ चित्रपटाला मात्र ठरावीक भाडं. हॉल भरो की रिकामा राहो. म्हणजे पैसे किती येणार हे कॅमेरा सुरू होण्याआधीच ठाऊक, आणि म्हणून खर्च किती करायचा तेही. चित्रपट अप्रतिम झाला म्हणून एक दमडी जास्त मिळणार नव्हती. बी-मूव्हीची सगळी मजा या भाड्यात दडलेली आहे. वेळेत आणि पैशात बसवा, तासाभरात संपवा, बाकी काय करायचं ते करा, असा तो कारभार होता.

हॉलिवूडमध्ये गोवर स्ट्रीटच्या आसपास अशा छोट्या कंपन्यांची वस्ती होती. तिला लोक ‘पॉव्हर्टी रो’, म्हणजे गरिबांची आळी म्हणत. मोनोग्राम, रिपब्लिक आणि सर्वांत कंगाल पीआरसी ही तिथली नावं. बड्या स्टुडिओंचेही बी-विभाग होते. काउबॉयपट तिथे ढिगाने निघाले, पण या बजेटला चपखल बसली ती रहस्यकथा. एक वाडा, एक रात्र, एक प्रेत आणि पाच संशयित. वाडा बहुधा दुसऱ्या चित्रपटासाठी उभारलेला असे, आणि अंधार पुरेसा असला की भिंतीला रंग नाही हे कुणाला दिसत नाही. गुप्तहेर ठरलेला असला तर त्याची ओळख करून देण्यातही वेळ जात नाही. फॉक्स या बड्या स्टुडिओने चार्ली चॅन या चिनी वंशाच्या गुप्तहेराची मालिका काढली. नायक मात्र स्वीडनमध्ये जन्मलेला वॉर्नर ओलंड! आज ते पाहताना अवघडायला होतं. फॉक्सने मालिका सोडल्यावर १९४४ मध्ये मोनोग्रामने ती आणखी स्वस्तात पुढे चालवली.

या काटकसरीतून कधीकधी काय निघे ते दिग्दर्शक एडगर उल्मरच्या ‘डीटूर’मध्ये (१९४५, पीआरसी) पाहावं. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नाहीत, तर पडदाभर धुकं सोडलं. नायक पश्चिमेकडे चाललाय हे पटावं म्हणून लिफ्ट मागण्याच्या काही दृश्यांत फिल्म चक्क उलटी छापली. परिणामी अमेरिकन गाड्यांचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे गेलं. सहा दिवसांत चित्रपट संपवल्याची बढाई उल्मर मारी. प्रत्यक्षात दिवस जास्त लागले होते. पण ते धुकं, तो कोंडलेपणा नायकाच्या नशिबासारखाच वाटतो. मोठं बजेट असतं तर हा चित्रपट बिघडला असता असं माझं ठाम मत आहे. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात निकाल दिला. एका चित्रपटाच्या गळ्यात दुसरे बांधून विकायला बंदी आली, आणि पुढे स्टुडिओंना आपली थिएटरं सोडावी लागली. घरबसल्या तासाभराची रहस्यकथा टीव्ही फुकट दाखवू लागला. जुना बी-चित्रपट तिथेच आटोपला.

नाव मात्र उरलं, आणि ते नव्या गिऱ्हाइकाला चिकटलं. हे गिऱ्हाईक म्हणजे गाडी असलेली तरुण पोरं. युद्धानंतर जुन्या फोर्ड गाड्या खोलून, इंजिन वाढवून ‘हॉट रॉड’ करायचं वेड कॅलिफोर्नियात पसरलं. रस्त्यावरच्या शर्यतींनी पोलीस हैराण झाले. १९५० मध्ये सांता आनाच्या विमानतळावर रीतसर ड्रॅगस्ट्रिप, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीची धावपट्टी सुरू झाली, आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्सने एनएचआरए ही हॉट रॉडवाल्यांची राष्ट्रीय संघटना काढली. पाव मैल, म्हणजे साधारण ४०० मीटर सरळ रस्ता, दोन गाड्या, आणि काही सेकंदांत निकाल. बी-चित्रपटाला याहून सोयीचा खेळ सापडला नसता.

ही पोरं जायची ड्राइव्ह-इन थिएटरात, म्हणजे उघड्यावर आपल्याच गाडीत बसून चित्रपट पाहायच्या जागी. पहिलं १९३३ मध्ये न्यू जर्सीत उघडलं होतं. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस देशभर चार हजारांच्या आसपास झाली. जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल अरकॉफ यांनी १९५४ मध्ये स्थापलेली कंपनी, पुढची अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स, नेमकी या प्रेक्षकावर जगली. त्यांची रीत उफराटी होती: आधी नाव, मग पोस्टर, ते थिएटरवाल्यांना पसंत पडलं तर पटकथा! त्यांचा पहिलावहिला चित्रपट निर्माता रॉजर कॉर्मनने काढलेला ‘द फास्ट अँड द फ्युरियस’. २००१च्या गाजलेल्या चित्रपटाने हेच नाव घेतलं. मागोमाग ‘ड्रॅगस्ट्रिप गर्ल’ (१९५७) वगैरे आले. पोस्टरवर जेवढा धोका दिसे तेवढा आत क्वचितच असे, हे पोरांनाही माहीत होतं.

१९५९च्या ‘घोस्ट ऑफ ड्रॅगस्ट्रिप हॉलो’मध्ये दोन्ही धंदे एकत्र आले. जागा गेलेला हॉट रॉड क्लब भुताटकीच्या जुन्या वाड्यात मुक्काम हलवतो. शेवटी भुताचा मुखवटा उतरतो. आत पॉल ब्लेसडेल, याच कंपनीचे राक्षस बनवणारा आणि त्यांत शिरून काम करणारा माणूस. अंगावर जुन्याच एका चित्रपटातला रबरी पोशाख. नव्या भयपटात आपल्याला काम दिलं नाही, अशी त्याची तक्रार असते.