वाइन चाखताना कानावर पडणारे शब्द
(टेस्टिंग रूममध्ये येणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

शनिवारी-रविवारी टेबलावर पहिला ग्लास ठेवला की हमखास येणारा प्रश्न: "द्राक्षाचीच ना ही? मग गोड का नाही?" विचारणारा बहुतेक वेळा नाशिककरच असतो आणि त्याचं काही चुकत नाही. इथे द्राक्ष म्हणजे थॉमसन, सोनाका, नाहीतर काळं शरद. फेब्रुवारीत पेटीने घरात येणारं, तोंडात टाकलं की साखर. त्याच मातीतल्या बाटलीने जीभ आकसली तर माणूस दचकणारच. वर बाटलीवर लिहिलेलं असतं 'ड्राय'. ओल्या वस्तूला कोरडी कशी म्हणायची, हा पुढचा प्रश्न. म्हणून सुरुवात याच शब्दापासून.

ड्राय आणि ब्रिक्स

तोडणीच्या दिवसांत आमच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर असतो, वीतभर लांबीचा, छोट्या दुर्बिणीसारखा. मणी चिरडून रसाचा थेंब काचेवर टाकायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. निळा आणि पांढरा रंग जिथे भेटतात तिथला आकडा म्हणजे ब्रिक्स. शंभर ग्रॅम रसात साधारण किती ग्रॅम साखर आहे, इतकंच तो सांगतो. खायची द्राक्षं १७-१८ ब्रिक्सला तोडली तरी बाजारात चालतात. वाइनचा माल आम्ही २२ ते २४ होईपर्यंत वेलीवर ठेवतो.

म्हणजे वाइनचं द्राक्ष खायच्या द्राक्षाहून गोड! मग साखर गेली कुठे? यीस्टने खाल्ली. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल नि कार्बन डायऑक्साइड सोडतं. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर संपली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं, म्हणून २२ ब्रिक्सच्या रसातून १२ टक्क्यांच्या आसपासची वाइन निघते. साखर जवळपास पूर्ण संपली की वाइन ड्राय. टाकी थंड करून यीस्टला मध्येच थांबवलं तर थोडी साखर उरते, ती सेमी-स्वीट. इडलीचं पीठ फार आंबू नये म्हणून फ्रिजमध्ये ढकलतो, त्यातलाच हा प्रकार.

'फ्रूटी' या शब्दाने फार लोक फसतात. फ्रूटी म्हणजे फळाचा वास असलेली. ती पूर्ण ड्राय असू शकते. गोडच हवी असेल तर सरळ 'गोड द्या' म्हणा, आम्हाला त्यात काही कमी वाटत नाही.

कडू की तुरट?

रेड वाइन प्यायल्यावर "कडू लागली" म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो: कारल्यासारखी की सुपारीसारखी? दहातले नऊ जण थांबतात आणि म्हणतात, "सुपारीसारखी." मग ती कडू नाही, तुरट आहे. आपल्याकडे षड्रसांत तुरटाला स्वतःची जागा आहे, त्यामुळे ही गोष्ट मराठी माणसाला समजवायला वेळ लागत नाही. हा तुरटपणा येतो टॅनिनमधून, आणि टॅनिन येतं द्राक्षाच्या साली-बियांतून. कच्चं जांभूळ किंवा फार वेळ उकळलेला चहा आठवा. गाल आतून चिकटले, जीभ खरखरीत झाली की समजायचं टॅनिन. तोंडाला पाणी सुटलं तर तो आंबटपणा, म्हणजे ॲसिडिटी. (पोटातल्या ॲसिडिटीशी या शब्दाचा संबंध लावू नये, ही विनंती.)

'बॉडी' म्हणजे तोंडात जाणवणारं वजन. ताक आणि सायीचं दूध एकामागून एक प्या, लाइट बॉडी आणि फुल बॉडी कळून जाईल. 'फिनिश' म्हणजे गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते.

रंग सालीत असतो

जानेवारी ते मार्चमध्ये आलात तर काबेर्ने या काळ्या वाइन-द्राक्षाचा एक मणी मागून घ्या आणि बोटांत दाबा. साल काळी-जांभळी, पण रस निघतो पांढुरका. काही मोजक्या जाती सोडल्या तर सगळ्या काळ्या द्राक्षांचं असंच. म्हणून रेड वाइन सालीसकट आंबवतात. उसळणाऱ्या वायूने साली वर येऊन त्यांचा जाड थर बसतो, त्याला 'कॅप' म्हणतात. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायचा किंवा खालचा रस पंपाने वर सोडायचा. हात आठवडाभर जांभळे राहतात. रोझेसाठी, म्हणजे गुलाबी वाइनसाठी, साली काही तासच रसात ठेवायच्या. व्हाइटसाठी आधी पिळायचं, मग आंबवायचं.

खायचं द्राक्ष वाइनला का चालत नाही, तेही यातच आलं. बागायतदार घड जी.ए. या वाढ-संजीवकात बुडवून (डिपिंग) आणि मण्यांची विरळणी करून मणी फुगवतो, कारण गिऱ्हाइकाला मोठा, पातळ सालीचा, बिनबियांचा मणी हवा असतो. आम्हाला नेमकं उलटं हवं: लहान मणी, जाड साल. रंग, वास, टॅनिन सगळं तिथेच दडलेलं.

जाती

शेनँ ब्लाँ मूळ फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातली. दक्षिण आफ्रिकेत तिचं जुनं नाव स्टीन. उष्ण हवेतही आंबटपणा टिकवून धरते म्हणून नाशिकला ती मानवली. हिच्यातून ड्रायही निघते आणि गोडही.

सोव्हिन्याँ ब्लाँ चाखताना एखादी ताई बिचकत म्हणते, "मला ढोबळी मिरचीचा वास येतोय, हसू नका." हसायचं कशाला? ढोबळी मिरचीला वास देणारं पायराझिन नावाचं द्रव्यच या द्राक्षात असतं. काबेर्ने सोव्हिन्याँमध्येही तो वास सापडतो, आणि त्याला कारण आहे घराणं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९९७ साली डीएनए तपासून दाखवलं की काबेर्ने सोव्हिन्याँ हे काबेर्ने फ्राँ या काळ्या आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या जातीचं अपत्य आहे. नावातच आईबापांची नावं होती, पण पुरावा मिळायला एवढी वर्षं गेली.

शिराझ इराणातून आली का, असं अनेकजण विचारतात. नाही. नाव इराणी शहराचं, पण द्राक्ष फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातलं. तिथे तिला सिरा म्हणतात, शिराझ हे ऑस्ट्रेलियाने रूढ केलेलं नाव. हिच्यात काळ्या मिरीचा वास येतो, तोही भास नव्हे. मिरीतलं रोटंडोन हे द्रव्य २००८ साली शिराझच्या द्राक्षात सापडलं. तेव्हा वास ओळखताना लाजू नका, वाण्याच्या दुकानातले शब्द इथे चालतात.

झिनफँडेल, टेम्प्रानिलो, व्हिओनिए आमच्याकडे थोड्याच आहेत. टेबलावर आल्या की त्यांचं बोलू.

बागेतले शब्द

फ्रेंच लोक ज्याला 'व्हेरेझाँ' म्हणतात, त्याला आपला शेतकरी 'मण्यात पाणी उतरलं' म्हणतो. कडक हिरवा मणी मऊ पडतो, काळ्या जातीत रंग भरू लागतो. आमच्या मते दोन्हींत आपलाच शब्द सरस.

युरोपात वेल थंडीत झोपते आणि वर्षातून एकदाच मुख्य छाटणी होते. नाशिकला वेल झोपतच नाही, म्हणून दोन छाटण्या: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळासाठीची गोडी छाटणी. पीक मात्र एकच. लेबलवरचं वर्ष म्हणजे 'व्हिंटेज', तोडणीचं वर्ष. युरोपात तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, आपली जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे एकाच वर्षाच्या दोन बाटल्यांत आपली सहा-आठ महिन्यांनी थोरली.

'खुंट' हा शब्द शिवारफेरीत ऐकाल. वर काबेर्ने, खाली मूळ दुसऱ्याच वेलीचं. १८६० नंतर फिलॉक्सेरा नावाच्या मुळावरच्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. उपाय निघाला तो अमेरिकन वेलीच्या मुळावर कलम करण्याचा. आपल्याकडे डॉगरिज खुंट लोकप्रिय झाला तो मुख्यतः पाण्याची टंचाई आणि खारवट जमीन सोसतो म्हणून.

बाटलीच्या तळाशी खडे

मागच्या हिवाळ्यात एक काका बाटली परत घेऊन आले. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे कण. काका रागावले होते, आणि तसं दिसल्यावर आम्हीही रागावलो असतो. त्यांच्यासमोर वाइन गाळली, कण बशीत घेतले, आणि एक आम्ही जिभेवर ठेवला. मग काकांनीही ठेवला. "चिंच!" म्हणाले. बरोबर. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं, चिंचेतही तेच. बाटली फ्रिजमध्ये फार थंड झाली की त्याचे क्षार खडे होऊन खाली बसतात. त्याने काही अपाय होत नाही. हळू ओता, खडे तळाशी राहतात.

मात्र पावसात भिजलेल्या खोक्यासारखा कुबट वास आला तर बाटली खरंच बिघडलेली आहे. बुचातल्या दोषाने असं होतं, त्याला 'कॉर्क्ड' म्हणतात. ती जरूर परत आणा, बदलून देऊ.

रिझर्व्ह, ओक आणि 'जितकी जुनी तितकी चांगली'

स्पेनमध्ये रेड वाइनला 'रेझेर्वा' म्हणायचं तर किमान तीन वर्षं जुनी हवी, त्यातलं किमान एक वर्ष लाकडी पिंपात. पुष्कळ देशांत 'रिझर्व्ह' या शब्दाला असं बंधन नाही. आमच्या लेबलवर तो दिसला तर वाइन किती महिने पिंपात होती ते विचारा. पिंप ओकचं, बहुधा २२५ लिटरचं. व्हॅनिलासारखा वास त्या लाकडातून येतो.

जुन्याचं म्हणाल तर आमची व्हाइट वर्ष-दोन वर्षांत संपवावी. मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवू नका.

घरी नेल्यावर

'रूम टेंपरेचरला प्या' हा सल्ला थंड देशातल्या खोलीचा आहे, मे महिन्यातल्या सिडकोतल्या खोलीचा नाही. रेड १६ ते १८ अंशांना चांगली लागते, म्हणून उन्हाळ्यात अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइट ८ ते १२ अंशांना. बाटली फ्रिजवर, गॅसजवळ किंवा उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवू नये. उघडलेली झाकण लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवावी.

मिसळीबरोबर काबेर्ने घेऊ नका. टॅनिनने तिखट आणखी झोंबतं. तर्रीला किंचित गोड, थंडगार शेनँच बरी.

टेस्टिंगसाठी २१ वर्षं पूर्ण असल्याचं ओळखपत्र लागेल. आणि टेबलावरचं ते स्टीलचं भांडं फुलदाणी नाही, चाखून थुंकण्यासाठी आहे. परतीच्या गाडीचं चाक ज्याच्या हाती, त्याच्यापुढे ते आम्ही आधीच सरकवून ठेवतो.