कार्बनचं चाक सरळ फिरतंय, म्हणजे शाबूत आहे का?

सायकलवाल्यांत एक समजूत पक्की रुजलेली आहे. चाक खड्ड्यात आदळलं की सायकल उचलायची, चाक फिरवून बघायचं, आऊट नसेल, म्हणजे फिरताना डगमगत नसेल, तर पुढे निघायचं. ॲल्युमिनियमच्या रिमपुरतं हे बऱ्यापैकी खरं आहे. धातू मार खातो तेव्हा चेपतो आणि चेपलेलाच राहतो, त्यामुळे इजा आकारात दिसते. कार्बनची रिम आदळली की दबते आणि पुन्हा उसळून पहिल्यासारखी दिसू लागते. वरून ओरखडाही नसतो, आणि आतले थर सुटलेले असू शकतात.

थर, कारण ‘कार्बनची रिम’ नुसत्या कार्बनची नसतेच. कार्बनचे धागे इपॉक्सी रेझिनमध्ये, म्हणजे तापवल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात भिजवून, एकावर एक थर लावून, साच्यात तापवून ती घडवतात. एकेक धागा ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका. ताणायला गेलं तर तो पोलादाला ऐकत नाही. पण दोन थरांच्या मधल्या जागेत धागा नसतो, तिथे फक्त रेझिन असतं, आणि त्याची ताकद धाग्यांच्या मानाने किरकोळ. खड्ड्याची कड रिमवर बसते तेव्हा रिम क्षणभर वाकते, थर एकमेकांवरून सरकू बघतात आणि मधलं रेझिन फाटतं. बहुधा ही फाट मार बसलेल्या पृष्ठभागापाशी लहान असते आणि आत जाऊन पसरते. म्हणून वरचं पॉलिश चकचकीत राहतं.

थर सुटले तर बिघडलं कुठे, धागे तर अखंड आहेत ना? इथेच खरी गंमत आहे.

भिंतीला टांगलेल्या चाकावर कोणी बसलेलं नसतं, तरी त्याची रिम सतत दाबाखाली असते. प्रत्येक स्पोक तिला हबकडे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याकडे, खेचत असतो. पुढच्या चाकात २४ स्पोक आणि प्रत्येकावर १०० किलोचा ताण धरा. हिशेब शाळेतल्या भूमितीचा आहे: एकूण ओढ २४०० किलो, तिला २π ने भागलं की सुमारे ३८० किलो. रिम कुठेही कापली, तर त्या छेदावर दोन्ही बाजूंनी एवढा दाब असतो. म्हणजे रिम ही गोल वळवलेली, कायम दाबलेली दांडी आहे. दाबात बारीक धागा स्वतःच्या बळावर उभा राहत नाही, लगेच वाकतो. त्याला सरळ धरून ठेवतं ते रेझिन.

आता जाड पुठ्ठ्याची पट्टी उभी धरून वरून दाबा; ती तग धरते. तिचे मधोमध दोन पदर सोडवा आणि पुन्हा दाबा. पुठ्ठा तेवढाच, पण पट्टी लगेच बाहेर फुगते. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी झाली की विरोध एक अष्टमांश. असे दोन पदर मिळून झाले दोन अष्टमांश, म्हणजे मूळच्या पाव. एकही धागा न तुटता तीन चतुर्थांश विरोध गेला! रिमचा सुटलेला भाग असाच फुगायला टपलेला असतो, आणि पुढच्या खड्ड्याला फाट आणखी लांबते.

विमानवाल्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. बोइंग ७८७ च्या सांगाड्याचं जवळपास निम्मं वजन अशाच थरांच्या पदार्थांचं आहे. डोळ्यांना न दिसणारी इजा कुठेतरी असेलच असं धरून विमानाचे भाग आखतात आणि शंका आली की अल्ट्रासाउंडने तपासतात. ‘विमानात वापरतात तोच कार्बन’ अशी जाहिरात करणारे हा भाग सांगत नाहीत. रिमवरचं ‘टी१०००’ या धाग्याच्या प्रतीचं स्टिकर धाग्याची ताकद सांगतं, फाटतं ते रेझिन. या दुखण्यापुरता स्टिकरचा आणि हँडलला बांधलेल्या लिंबू-मिरचीचा उपयोग सारखाच. उलट बाजूची अफवाही खोटीच: कार्बन तीन वर्षांत ‘एक्सपायर’ होत नाही. मार न खाल्लेली, नीट घडवलेली रिम वर्षानुवर्षं चालते.

तर आदळल्यावर करायचं काय? टायर काढा, त्याखाली स्पोकची भोकं झाकणारी रिमटेपही काढा, कारण आतली भेग बरेचदा टेपखालीच सापडते. रिम पुसून टॉर्चचा उजेड तिरका टाका. कडा अंगठ्याने दाबून पाहा. दबली किंवा करकरली तर रिम गेलीच समजा. मग नाणं घेऊन रिमवर हलकेच ठोका. शाबूत जागी टणक, स्वच्छ आवाज येतो, थर सुटलेल्या जागी बद्द. मात्र स्पोकच्या भोकापाशी रिम मुळातच जाड असते, तिथला आवाज वेगळाच येणार. म्हणून दोन स्पोकमधल्या जागेची तुलना दुसऱ्या दोन स्पोकमधल्या तशाच जागेशी करा. एखादाच स्पोक अचानक ढिला पडला असेल तर त्याच्या आसपास जास्त बारकाईने बघा. एवढं करून काही सापडलं नाही तरी खात्री शंभर टक्के नाही. मार जबर असेल तर रिम जाणकाराला दाखवा.

भेगेवर अराल्डाइट फासणं हा उपाय नव्हे. ते वर बसतं, आतल्या फटीत पोचत नाही. फ्रेमची नळी नीट दुरुस्त होते: खराब थर लांब उतार देऊन घासून काढतात, नवे थर त्याच दिशांनी बसवतात, दाबाखाली पक्के करतात. रिमच्या कडेवर मात्र टायरमधली हवा सतत बाहेर ढकलत असते. रिमब्रेक, म्हणजे रिमलाच घासणारा ब्रेक असेल तर उष्णतेचीही भर. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना साडेपाचशे मीटर उंचीची ऊर्जा कुठेतरी जावी लागते. तिचा मोठा वाटा हवा घेते, पण वळणावळणाला ब्रेक दाबत उतरलात तर बराच वाटा रिमवर येतो. कार्बनची रिम ती उष्णता ॲल्युमिनियमसारखी पसरवत नाही, आणि तापलेलं रेझिन मऊ पडतं. म्हणून माझं मत सरळ आहे: रिम बदला. हब धड असेल तर तोच ठेवून नव्या स्पोकांवर चाक बांधता येतं. काही कंपन्या अपघातात गेलेल्या रिमऐवजी सवलतीत नवी देतात, आधी तेही विचारा.

जुनी रिम भंगारात देण्याआधी दोन ठिकाणी कापा, नाहीतर ती कोणाच्या तरी सायकलला सेकंड-हँड लागेल. कापताना मास्क आणि हातमोजे घाला आणि करवतीचं पातं ओलं ठेवा. ती धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही, आणि बोटात गेलेली कार्बनची कुसळं सहजासहजी निघत नाहीत.