साटुरिया टोर्नाडो (१९८९)

बांगलादेशच्या मानिकगंज जिल्ह्यात २६ एप्रिल १९८९ रोजी संध्याकाळी झालेला टोर्नाडो. दौलतपूर आणि साटुरिया या भागांतून तो गेला. सुमारे १,३०० माणसे दगावली, १२,०००च्या आसपास जखमी झाली आणि अंदाजे ८०,००० बेघर झाली. टोर्नाडोमुळे झालेली ही जगातली सर्वांत मोठी जीवितहानी असल्याची नोंद जागतिक हवामान संघटनेने २०१७ मध्ये केली. अमेरिकेत १९२५ साली झालेल्या प्रसिद्ध टोर्नाडोत ६९५ माणसे गेली होती, यावरून या संकटाचा आवाका लक्षात यावा.

मराठीत टोर्नाडोला सर्रास वावटळ किंवा चक्रीवादळ म्हटले जाते. ही गल्लत टाळायला हवी. वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते, तिला ढग लागत नाही. चक्रीवादळ समुद्रावर पोसले जाते आणि त्याची चाहूल काही दिवस आधी लागते. टोर्नाडो हा गडगडाटी ढगातून थेट जमिनीला टेकणारा हवेचा भोवरा असतो. सावध व्हायला हाती मिनिटेच उरतात.

बंगालमध्ये एप्रिल-मेमध्ये वायव्येकडून येणाऱ्या गडगडाटी वादळांना कालबैशाखी म्हणतात. आपला वळीवही याच जातीच्या ढगांचा. बंगालमध्ये मात्र खाली उपसागराकडून येणारी दमट हवा आणि वर छोटा नागपूरच्या पठाराकडून येणारी कोरडी, तापलेली हवा यांची गाठ पडते. उंचीनुसार वाऱ्याची दिशा आणि वेगही झपाट्याने बदलतो, त्यामुळे एखादा ढग स्वतःभोवती फिरू लागतो.

त्या वर्षी या भागात सहा महिने पावसाने ओढ दिली होती. सारा मुलूख पावसाकडे डोळे लावून बसलेला असताना हा ढग आला. सुमारे सहा चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात एकही घर उभे राहिले नाही.

एवढा संहार केवळ वाऱ्याने झाला असे मानणे अपुरे ठरेल. दाट वस्ती, बांबूचे खांब, कुडाच्या नाहीतर मातीच्या भिंती आणि वर पन्हळी पत्रे, अशी तिथली घरे. खिळ्यांतून सुटलेला पत्रा वाऱ्यात पात्यासारखा फिरतो, आणि ज्याने ऊनपाऊस अडवावा तोच माणसे कापत जातो. किनाऱ्यावर चक्रीवादळासाठी १९७२ पासून स्वयंसेवकांची इशारा-यंत्रणा होती. पण काही मिनिटांच्या भोवऱ्यापुढे ती यंत्रणा कामाची नव्हती.

शेजारच्या टांगाइल जिल्ह्यात १३ मे १९९६ रोजी पुन्हा टोर्नाडो झाला आणि सुमारे ७०० माणसे गेली. तिथेही घरांवर पत्रेच होते.