बर्फ जाऊन दहा हजार वर्षं झाली, जमीन अजून उठतेय: स्वीडन-फिनलंडच्या किनाऱ्याची पार्श्वभूमी

स्वीडनच्या उत्तरेला लुलिओ नावाचं बंदर आहे. 1621 साली शहराचा दर्जा मिळाला आणि 1649 मध्ये, म्हणजे तीस वर्षंही झाली नव्हती, तेव्हा अख्खं शहर समुद्राच्या बाजूला हलवावं लागलं कारण खाडीत पाणीच उरलं नव्हतं, जहाजं येणार कुठून. समुद्रापलीकडे समोरच्या काठावर फिनलंडमधलं वासा शहर 1852 च्या आगीत जळालं, तेही परत त्याच जागी न बांधता सुमारे 7 किमी पुढे, समुद्राजवळ वसवलं, कारण तेच, जुनं बंदर उथळ झालेलं. गाळ साचला असेल असं कुणालाही वाटेल. पण तिथे जमीनच वर येतेय, बोथ्नियाच्या आखाताच्या (स्वीडन आणि फिनलंडमधला समुद्र) अरुंद भागात वर्षाला साधारण 8 ते 9 मिलिमीटर, आणि हे हजारो वर्षं न थांबता चालू आहे.

हे लोकांच्या लक्षात कसं आलं ती गोष्ट मला फार आवडते, कारण सुरुवात सीलच्या शिकारीपासून होते. या किनाऱ्यावर पाण्याच्या जरा वर डोकावणाऱ्या सपाट खडकांवर सील येऊन पडायचे, त्यामुळे असा खडक म्हणजे चांगली मिळकत, त्याची खरेदी-विक्री व्हायची, जुन्या कागदपत्रांत नोंद असायची. पुढे खडक इतका वर यायचा की सीलला चढताच येईना, खडकाची किंमत शून्य. थर्मामीटरमुळे आपल्याला माहीत असलेले अँडर्स सेल्सियस, त्यांनी हेच कागद पुरावा म्हणून वापरले आणि 1731 मध्ये येव्हले शहराजवळच्या लोव्हग्रुंड बेटावर एका खडकात पाण्याच्या पातळीची खूण कोरून घेतली, पुढच्या पिढ्यांना मोजता यावं म्हणून. ती खूण अजून आहे, पाण्यापासून बरीच वर गेलीय.

सेल्सियसना मात्र वाटलं समुद्राचं पाणी कमी होतंय. त्यावर मोठा वाद झाला, फिनलंडमधल्या तुर्कूचे बिशप ब्रोवालियस यांनी 1755 मध्ये जोरदार विरोध केला. पण पाणी कमी होत असेल तर सगळीकडे सारखंच कमी व्हायला हवं, आणि इथे उत्तरेला जास्त, दक्षिणेला जवळजवळ काहीच नाही असा प्रकार होता, म्हणजे हलतेय ती जमीन. ब्रिटिश भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यांचा आधी यावर विश्वास नव्हता, ते 1834 मध्ये स्वतः स्वीडनला गेले, किनाऱ्यावरच्या खुणा पाहिल्या आणि मान्य केलं. जमीन उठते हे ठरलं, का उठते ते नाही.

दुसरीकडे दगडांचं कोडं होतंच. उत्तर युरोपभर असे अवाढव्य दगड पडलेत की जे खालच्या खडकाशी जुळतच नाहीत. सेंट पीटर्सबर्गमधल्या पीटर द ग्रेटच्या घोड्यावरच्या पुतळ्याखाली जो ग्रॅनाइट आहे तो असाच, फिनलंडच्या आखाताजवळ लाख्ता इथे दलदलीत अर्धा रुतलेला सापडला होता आणि त्याला शहरात आणायला 1770 उजाडलं. एवढे दगड आणले कुणी? दंतकथेत राक्षसांनी फेकले, अभ्यासकांमध्ये बराच काळ असं मत की समुद्रात तरंगणाऱ्या हिमनगांनी आणून टाकले. लुई अगासी यांनी 1837 मध्ये हिमयुगाची कल्पना मांडली तरी लगेच कुणी स्वीकारली नाही. 1865 मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस जेमिसन यांनी सुचवलं की बर्फाच्या वजनाने जमीन खाली दबली असणार आणि वजन गेल्यावर वर येत असणार. मग 1875 मध्ये स्वीडनचे ओटो टोरेल बर्लिनजवळ र्यूडर्सडॉर्फच्या चुनखडीच्या खाणीत गेले आणि तिथे खडकावर सरळ ओरखडे दाखवले, जे सरकणारा बर्फच करू शकतो. स्कँडिनेव्हियाचा बर्फ जर्मनीपर्यंत आला होता याला आता नाही म्हणणं अवघड झालं. (असे ओरखडे आपल्याकडे चंद्रपूरजवळ इरई इथेही आहेत, पण ते सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या हिमयुगातले, विषय वेगळा.)

म्हणजे शहरांचं सरकणं आणि दगडांचं कोडं, दोन्हीचं मूळ एकच निघालं. साधारण 20 हजार वर्षांपूर्वी इथे मधोमध जवळपास 3 किमी जाडीचा बर्फ होता, त्याखाली पृथ्वीचं कवच दबलं, खालचा गरम खडक फार सावकाश बाजूला सरकला आणि आता तितक्याच सावकाश परत येतोय. स्वीडनच्या 'हाय कोस्ट' भागात एकेकाळची किनारपट्टी आज समुद्रसपाटीपासून सुमारे 285 मीटर उंचीवर, डोंगरावर सापडते.

बर्फ मागे हटतानाही एकसारखा हटला नाही. 12,900 ते 11,700 वर्षांपूर्वी पुन्हा थंडी वाढली, बर्फाची कडा दक्षिण फिनलंडमध्ये रेंगाळली आणि तिच्यापुढे वाळू-गोट्यांचे लांबच लांब बांध साचले, ते म्हणजे साल्पाउसेल्का. लाहती शहरातले स्कीजंपिंगचे टॉवर याच बांधावर आहेत. त्यामागे तळ्यांचा सगळा प्रदेश अडलेला.

माती तर सगळ्यात बोलकी. आपली काळी माती बहुतेक खालचा बेसाल्ट झिजून जागच्या जागी झाली, इथली माती बर्फाने खरवडून, भरडून दुसरीकडून आणून टाकलेली, चिकणमातीपासून घराएवढ्या दगडापर्यंत सगळं एकत्र. हिवाळ्यात जमीन गोठली की दगड वर ढकलले जातात, त्यामुळे शेतकरी दरवर्षी दगड वेचतो तरी पुढच्या वसंतात नवे हजर. पाइनच्या जंगलात फावड्याने खणलं तर वर काळपट कुजलेल्या सुयांचा थर, त्याखाली राखेसारखी फिकट वाळू, त्याखाली एकदम गंजाच्या रंगाचा पट्टा. थंडीत सुया नीट कुजत नाहीत, त्यातून आम्ल निघतं, बर्फ वितळलेलं पाणी ते खाली नेतं आणि जाताना लोह-अॅल्युमिनियम धुऊन खालच्या थरात सोडतं. ही पॉडझॉल माती, शेतीला गरीब. त्यात हवामान बेभरवशाचं, 1867 मध्ये काही तळ्यांवर जूनपर्यंत बर्फ होता आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच गोठलेलं दव पडलं, पीक गेलं. 1866 ते 1868 च्या त्या दुष्काळात फिनलंडची साधारण 8 टक्के लोकसंख्या संपली, हे वाचताना अजूनही कसंतरी होतं.

म्हणून समुद्रातून वर आलेली सपाट, बिनदगडाची चिकणमाती शेतीला सोन्यासारखी वाटणारच. ती जमीन कुणाची हाही प्रश्न असतो, फिनलंडमध्ये पाण्याखालचा भाग ज्यांच्या मालकीचा (बहुतेकदा गावाचा सामाईक) त्यांचीच ती राहते, काठावरच्या घरमालकाला हवी असेल तर विकत घ्यावी लागते. पण या जुन्या समुद्रतळात लोह सल्फाइड असतं. पाण्याखाली आहे तोवर ते गप्प, निचऱ्यासाठी चर खणले आणि हवा लागली की त्याचं सल्फ्युरिक अॅसिड होतं, पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) 4 च्या खाली जातो, कोरड्या उन्हाळ्यानंतर शरदात मोठा पाऊस झाला की ते अॅसिड नद्यांत उतरतं आणि मासे मरतात. बोथ्नियाच्या फिनिश किनाऱ्यावर हा त्रास सगळ्यात जास्त आहे. आता तिथे शेतकरी चुना टाकतात आणि चरांना झडपा बसवून भूजल मुद्दाम वर ठेवतात, म्हणजे सल्फाइडच्या थरापर्यंत हवा पोचू नये.