तिथीची पाऊणपट

सकाळी आठच्या सुमारास बेलापूरजवळच्या दिवाळे गावात जेट्टीवर उभी होते. होड्या चिखलात कलंडलेल्या, पाणी पार लांब गेलेलं. जाळं सांधत बसलेल्या काकांना विचारलं, "काका, भरती कधी?" त्यांनी ना मोबाइल काढला, ना घड्याळ पाहिलं. "आज तीज ना? मग सव्वादोनला पुरी भरेल."

कोकणकिनाऱ्यावरचा हा जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, पक्ष शुद्ध असो की वद्य. तीन पाऊणे सव्वादोन. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं, पण होडी काढायला तेवढं पुरतं. शाळेतून हद्दपार झालेली पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, इथे रोज वापरात आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. तिच्यात चंद्राची चाल आहे. पृथ्वी एक गिरकी पुरी करते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला तिला सुमारे ५० मिनिटं जास्त लागतात. म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते. १५ तिथ्यांत १२ तास, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. तोंडी हिशोबात पाऊण तास.

पण समुद्र चंद्राचंच का ऐकतो? सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट जोराने ओढतो. मग भरतीही त्याचीच मोठी हवी. इथेच गंमत आहे. भरती ओढीमुळे येत नाही, ओढीतल्या फरकामुळे येते. चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर, त्यामुळे पृथ्वीची त्याच्याकडची बाजू आणि विरुद्ध बाजू यांच्या अंतरातला फरक त्याला चांगलाच जाणवतो. जवळच्या पाण्यावर त्याची ओढ पृथ्वीच्या केंद्रापेक्षा सुमारे ३.३ टक्के जास्त. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर. त्याच्या लेखी हा फरक जेमतेम ०.००८५ टक्के. याला १८० ने गुणा, दीड येतं. चंद्राचे ३.३, सूर्याचा दीड. म्हणजे सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमीच.

चंद्र डोक्यावर नसतानाही दुसरी भरती येते, तीही या फरकामुळेच. तिघे जण एका ओळीत पळतायत असं समजा. पुढचा जोरात, मधला बेताने, मागचा सावकाश. मधल्याला काय दिसेल? पुढचाही लांब जातोय आणि मागचाही. पुढचा म्हणजे चंद्राकडचं पाणी, मधला म्हणजे पृथ्वी, मागचा म्हणजे पलीकडचं पाणी. म्हणून फुगवटे दोन, आणि दिवसाला भरत्याही दोन.

या फरकाचं बळ पृथ्वीच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक कोटीव्या भागाएवढं. त्याने पाणी सरळ वर उचललं जात नाही. महासागरभरचं पाणी आडवं सरकतं आणि साठतं. खोल समुद्रात ही चढउतार मीटरभरही नसते. उथळ किनाऱ्याशी आल्यावर ती वाढते. मुंबईकडे उधाणाला ओहोटी ते भरती पाच मीटरपर्यंत फरक पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र-सूर्य एका रेषेत, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात, तेव्हा भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउतार.

नवी मुंबईकरांना हे पावसाळ्यात सगळ्यात जास्त भोवतं. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून खाडीकाठी होल्डिंग पाँड बांधलेत. त्यांच्या तोंडाशी झडपेसारखे दरवाजे असतात. खाडी चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते मिटतात आणि पावसाचं पाणी तळ्यात थांबतं. खाडी तळ्यापेक्षा खाली उतरली की आतल्या पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. दुपारी मुसळधार कोसळू लागला आणि तिथी पंचमी असली, तर पाच पाऊणे पावणेचार. खाडी उतरायला लागेल ती त्यानंतरच.