पत्ता नको, फोन नंबर सांगा : जपानच्या कार-नॅव्हिगेशनची पार्श्वभूमी

जपानमध्ये भाड्याची गाडी ताब्यात घेताना काउंटरवर बहुतेक वेळा एक प्रश्न येतो: पहिला मुक्काम कुठे, तिथला फोन नंबर काय? पत्ता सहसा कोणी विचारत नाही. नंबर डॅशबोर्डवरच्या पडद्यावर टाकला की रस्ता आखून मिळतो. होक्काइदो किंवा ओकिनावा स्वतः गाडी चालवत बघायचा बेत असेल, तर भारतीय चालकाला तिथे एक मोठी सोय आहे. गाडी डाव्या बाजूने चालवायची आणि स्टिअरिंगही उजवीकडेच. अडतं ते या पडद्यापाशी. त्यावरच्या प्रत्येक अनोळखी बटणामागे कधीतरी पडलेला एक खरा प्रश्न आहे. तो समजला की पडद्याचं कधी ऐकायचं आणि मोबाइलचं कधी, याचाही अंदाज येतो.

सुरुवात पत्त्यापासून. जपानमधल्या बहुतेक गल्ल्यांना नावंच नसतात. पत्ता लिहिताना आधी प्रांत, मग शहर, वस्ती, वस्तीचा भाग, त्यातला रस्त्यांनी वेढलेला ब्लॉक आणि शेवटी इमारत, असं आत-आत जावं लागतं. १९६२च्या कायद्याने अनेक शहरांत हे क्रमांक ओळीने लावले गेले. जिथे तो लागू झाला नाही, तिथे आजही जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक हाच पत्ता आहे, आणि तुकडे पाडताना क्रमांक जसे पडत गेले तसेच राहिले. आपल्याकडे नुसत्या गट नंबरवरून एखाद्याचं घर शोधावं, तशीच ही गत. म्हणून तिथे घराघराचे नकाशे हा स्वतंत्र धंदा उभा राहिला. १९४८मध्ये बेप्पू या गरम झऱ्यांच्या गावी सुरू झालेली झेनरिन ही कंपनी त्यात सर्वांत मोठी ठरली. तिची माणसं पायी फिरून दारावरच्या पाट्या वाचत आणि नकाशावर नोंदवत. पुढे हे नकाशे संगणकात गेले, त्यांना दूरध्वनी क्रमांक जोडले गेले, आणि फोन नंबरवरून जागा शोधणं शक्य झालं.

या पद्धतीच्या मर्यादाही तिथूनच आल्या. तिला लागतो तो जागेवर बसवलेल्या फोनचा नंबर. ०९०, ०८० किंवा ०७०ने सुरू होणाऱ्या मोबाइल नंबरांना पक्की जागा नसते. धबधबा, घाटातला कठडा, समुद्रकिनारा यांना फोनच नसतो. माहितीपत्रकात छापलेला नंबर अनेकदा गावाच्या पर्यटन कार्यालयाचा असतो आणि गाडी धबधब्याऐवजी त्या कार्यालयाच्या दारात जाऊन उभी राहते.

ही अडचण सोडवण्यासाठी डेन्सो या कंपनीने १९९७मध्ये मॅपकोड, म्हणजे प्रत्येक जागेला दिलेला आकडी संकेत, आणला. सगळ्या देशावर चौकोनांची जाळी टाकलेली आहे. पहिले एक ते चार आकडे मोठा विभाग सांगतात. ओकिनावातल्या नाहा शहराचे कोड ३३ने सुरू होतात ते त्यामुळेच. पुढचे तीन आकडे त्या विभागातला सुमारे ९०० मीटरचा चौकोन ठरवतात, त्यापुढचे तीन त्यातला सुमारे ३० मीटरचा. त्यानंतर तारांकन आणि आणखी दोन आकडे दिले तर जागा सुमारे ३ मीटरपर्यंत नेमकी होते. काही जुन्या यंत्रांना तारांकनापुढचे आकडे घेता येत नाहीत. ते सोडून दिले तरी काम भागतं, पण दुभाजक असलेल्या रस्त्यावर ३० मीटर म्हणजे पलीकडची बाजूही असू शकते. अशा वेळी पोहोचण्याआधी वाहनतळाचं तोंड कोणत्या बाजूला आहे ते मोबाइलवर बघून ठेवावं.

आता यंत्राकडे वळू. होंडाने १९८१मध्ये इलेक्ट्रो जायरोकेटर आणला, तेव्हा सर्वसामान्य चालकाच्या हाती जीपीएस नव्हतंच. गाडी कोणत्या दिशेला वळली हे हेलियम वायूच्या झोतावरून ओळखलं जाई: गाडी वळली की झोत किंचित सरके, आणि त्याच्यासमोरच्या दोन तापलेल्या तारांच्या तापमानात फरक पडे. अंतर चाकांच्या फिरण्यावरून मिळे. नकाशा पारदर्शक फिल्मवर छापलेला. तो पडद्यावर सरकवायचा आणि आपण कुठे आहोत ते चालकानेच जुळवून द्यायचं. चूक थोडी थोडी साठत जाई, म्हणून अधूनमधून पुन्हा जुळवावं लागे. १९८७च्या टोयोटा क्राउनमध्ये नकाशा सीडी-रॉमवर आला. १९९०मध्ये माझदाच्या युनोस कॉस्मोत जीपीएस आलं, आणि त्याच वर्षी पायोनियरने कोणत्याही गाडीत बसवता येईल असं जीपीएस यंत्र बाजारात आणलं.

त्या वेळी उपग्रहांची मालिका अपुरी होती. ती पूर्ण क्षमतेने चालू झाल्याचं १९९५मध्ये जाहीर झालं. त्यातही अमेरिकी लष्कर नागरी संकेत मुद्दाम बिघडवून देई, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत चुके. २ मे २००० रोजी ते थांबलं. एवढी वर्षं निव्वळ उपग्रहांवर विसंबणं परवडणारं नसल्यामुळे जपानी कंपन्यांनी जायरो (गाडीचं वळण ओळखणारा भाग) आणि चाकांच्या फिरण्याची मोजणी कधी सोडलीच नाही. हा जुना सावधपणा आजही उपयोगी पडतो, आणि तो सर्वांत जास्त जाणवतो टोकियोत.

टोकियोचा शुतो द्रुतगती मार्ग १९६४च्या ऑलिम्पिकच्या घाईत उभा राहू लागला. जागा नव्हती, म्हणून तो कालव्यांवरून आणि आधीच्या रस्त्यांच्या डोक्यावरून नेला. वरचा आणि खालचा रस्ता नकाशावर एकाच रेषेत येतात. उपग्रहावरून उंची तेवढी नेमकी कळत नाही, म्हणून मोबाइल गोंधळतो: गाडी वर असते आणि सूचना येते, पुढच्या सिग्नलला डावीकडे वळा. वर सिग्नलच नसतो. गाडीतल्या यंत्राला चढणीचा उतार जायरोवरून कळू शकतो. तरीही चुकलं तर बहुतेक यंत्रांत ‘साधा रस्ता / द्रुतगती मार्ग’ असं अदलाबदलीचं बटण असतं. ते दाबलं की बाण योग्य मजल्यावर जातो. पाट्यांवरूनही खात्री करता येते: द्रुतगती मार्गाच्या हिरव्या, साध्या रस्त्याच्या निळ्या.

याच मार्गावरच्या यामाते बोगद्यात हा फरक आणखी ठळक होतो. २०१५मध्ये पूर्ण झालेला हा बोगदा १८.२ किलोमीटरचा आहे आणि ओहाशीसारखे फाटे त्यातूनच फुटतात. उपग्रहाचा संकेत नसताना मोबाइल अंदाजाने पुढे सरकत राहतो. वाहतूक तुंबली की तो अंदाज चुकतो आणि फाटा मागे पडून गेल्यावर सूचना येते. गाडीतलं यंत्र चाकं मोजत असल्यामुळे बोगद्यातही बऱ्यापैकी जागेवर असतं. तेव्हा आत शिरण्याआधीच फाट्याचं नाव आणि कोणती लेन धरायची ते पाहून ठेवावं.

मोबाइल सरस ठरतो ते नव्या रस्त्यांबाबत. भाड्याच्या गाडीतला नकाशा कधीकधी बराच जुना असतो. रस्ता नवा असेल तर बाण शेतातून चालताना दिसतो. तसं झालं तर पाट्या धराव्यात; जुन्या रस्त्याला लागताच यंत्र स्वतःला सावरतं. उलट अरुंद गल्ल्यांत मोबाइल धोक्याचा. गाडीतली बरीच यंत्रं साधारण ५.५ मीटरपेक्षा अरुंद रस्ते पडद्यावर दाखवतात, पण त्यांतून वाट काढत नाहीत. ‘तुम्ही ठिकाणाजवळ पोहोचला आहात’ म्हणून यंत्र मुक्कामाच्या थोडं आधीच गप्प होतं, त्यामागे हे एक कारण आहे. मोबाइल मात्र मिनिटभर वाचवायला भिंतींमधल्या गल्लीत नेतो. जुन्या वस्तीत दोन मिनिटं जास्त लागली तरी मोठा रस्ता सोडू नये.

अक्षांश-रेखांशांत जागा देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. १ एप्रिल २००२पर्यंत जपानचं सर्वेक्षण टोकियो संदर्भप्रणालीवर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याच्या जपानच्या स्वतःच्या चौकटीवर, चाले. त्यानंतर जागतिक प्रणाली आली. टोकियोजवळ या दोन्हींत अक्षांश आणि रेखांश प्रत्येकी सुमारे १२ सेकंदांनी (कोनाच्या मापातल्या) वेगळे पडतात, म्हणजे जमिनीवर साधारण ४५० मीटर. मोबाइलवरून उतरवलेले अक्षांश-रेखांश जुनी प्रणाली वापरणाऱ्या यंत्रात टाकून गाडी भलत्याच चौकात गेली, तर आधी हे कारण तपासावं. जुन्या यंत्रात फोन नंबर किंवा मॅपकोडच बरा.

१ डिसेंबर २०१९पासून गाडी चालवताना मोबाइल हातात धरल्याचा दंड मोटारीसाठी १८,००० येन झाला, त्यामुळे होल्डर लागतोच. गाडीतली यंत्रं चालत्या गाडीत अक्षरं टाकू देत नाहीत, म्हणून ठिकाण गाडी उभी असतानाच भरावं. भारतातल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या जिनिव्हा कराराचा असल्यामुळे तो जपानमध्ये चालतो. तो निघण्यापूर्वीच काढावा लागतो.

होक्काइदोत हिवाळ्याच्या तोंडावर जाणार असाल तर शिरेतोको घाटाकडे लक्ष असू द्या. उतोरो आणि राउसु या दोन गावांना जोडणारा हा राष्ट्रीय मार्ग ३३४ साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत बर्फामुळे बंद असतो. घाटातून तीसेक किलोमीटर भरणारं अंतर वळसा घालून शंभराच्या वर जातं. जुनं यंत्र बंद घाटातूनच वाट दाखवू शकतं, म्हणून त्या दिवशीचा मार्ग सकाळीच स्थानिक रस्ते-माहिती केंद्राच्या फलकाशी ताडून बघावा.